ठरल्या वेळी आलेला प्रोफेसर

१

रोझालिया लांगरची हिरवी फाइल बुधवारी सकाळी नाहीशी झाली, आणि त्याच संध्याकाळी सात बेचाळीसला तिची गाडी सुटणार होती.

फाइल दिसायला साधी, पुठ्ठ्याची, रबराची पट्टी लावलेली. पण तीन महिन्यांचा खटाटोप तिच्या पोटात होता. व्हिएन्नाहून स्लीपरने निघायचं, हंगेरी झोपेत ओलांडायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बुखारेस्टला उतरायचं. एक रात्र तिथे हॉटेलात. मग दिवसाच्या गाड्यांनी डॅन्यूबपार सोफिया, तिथेही एक मुक्काम, आणि सोफियाहून पुन्हा स्लीपरने इस्तंबूल. फाइलमध्ये सगळी तिकिटं होती, दोन्ही स्लीपरच्या बर्थची आरक्षणं होती आणि डॉक्टरांचं पत्र होतं. सोफियापुढची तिकिटं तिथल्या एका एजंटने पोस्टाने पाठवलेली, जाड कागदाची. यांची दुसरी प्रत निघत नाही, हरवलीत तर हरवलीत, असं त्याने तीनदा बजावलं होतं.

विमानाने हे काम अडीच तासांचं. पण रोझालियाचं अर्धं फुप्फुस दोन वर्षांपूर्वी काढलेलं, आणि विमानाचं नावही काढायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. तिची लेक युडिट इस्तंबूलला दिलेली. वय बेचाळीस, दोनदा दिवस जाऊन दोनदा हातचं गेलेलं. या खेपेला मात्र नववा महिना सुखरूप लागला होता आणि तारीख नऊ दिवसांवर आली होती. "आई, तू असलीस ना, की मी घाबरणार नाही," असं ती फोनवर म्हणाली होती. स्लीपरची पुढची रिकामी बर्थ अठरा दिवसांनंतरची होती.

अकराच्या सुमारास रोझालिया फुप्फुसांची शेवटची तपासणी करून दवाखान्यातून परतली. ती दाराशी पोचते तोच फोन वाजला. पलीकडे कुबिन होते, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे 'प्रोफेसर'. सगळ्या गाड्यांचं कोष्टक त्यांनीच आखून दिलं होतं.

"लांगरबाई, फाइल मला कधी मिळणार? बुखारेस्टला घड्याळ एक तास पुढे जातं, ते मला कोष्टकात लाल शाईने लिहायचंय. सकाळी हेलपाटा पडला माझा."

रोझालियाने समोरच्या सात नंबरच्या दाराची बेल वाजवली. सकाळी आपण दवाखान्यात असू, तेव्हा कुबिन तिथून नेतील म्हणून काल संध्याकाळी तिने फाइल तिथेच, पेटरसनबाईंकडे ठेवली होती.

"फाइल?" पेटरसनबाई म्हणाल्या. "ती तर मी प्रोफेसरांना दिली. स्वतःच्या हाताने."

रोझालिया तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसली. तिला धाप लागली होती.

२

एक मजला वर हर्मीने झावोडस्की राहत होती. रोझालियाची चाळीस वर्षांची मैत्रीण, आणि रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसलेली बाई. छत्र्या, कवळ्या, लग्नाचे पोशाख, एकदा टोपलीतलं जिवंत बदक, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. माणसांवर तिचा फारसा विश्वास नव्हता, वस्तूंवर होता. वस्तू आपल्या पायांनी कुठे जात नाहीत, असं ती म्हणायची. शेवटी कुणाच्या हातात होती तेवढं विचारा.

तिने रोझालियाला आत नेऊन पाणी दिलं. "तू श्वास घे. बाकीचं माझ्यावर सोड. आठ तास आहेत अजून."

"साडेआठ," रोझालिया म्हणाली.

"बघ, अर्धा तास वाढला."

रोझालिया हसली नाही. हर्मीने सात नंबरच्या दारी गेली.

इल्झे पेटरसन चार महिन्यांपूर्वी हाम्बुर्गहून इथे राहायला आली होती, नातवंडांच्या ओढीने. उंच, नीटनेटकी, घड्याळाच्या काट्यावर चालणारी बाई. तिचं जर्मन पुस्तकातल्यासारखं, आणि इथल्या लोकांचं बोलणं आपल्याला अजून नीट कळत नाही हे कबूल करण्यापेक्षा तिने जीभ चावली असती. वाण्याकडे, पोस्टात, कुठेही ती कधी 'पुन्हा सांगा' म्हणायची नाही. रोझालियाबरोबर इस्तंबूलला जायची तिने हौस दाखवली होती. रोझालियाने नको म्हटलं. फार बोलते, पाच देश कोण ऐकणार, असं ती मागे हर्मीनेला म्हणाली होती, आणि जिन्यात आवाज घुमतो.

"पेटरसनबाई, सगळं पहिल्यापासून सांगा."

"सांगण्यासारखं काही नाही. काल रात्री प्रोफेसरांचा फोन आला, किती वाजता येणार ते त्यांनी सांगितलं. ठरल्या वेळी आले, मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही. मी फाइल हातात घेऊन दारामागेच उभी होते."

"तुम्ही त्यांना आधी पाहिलं होतं?"

"नाही. पण प्रोफेसर चेहऱ्यावरून कळतो की. बेल वाजली, ते म्हणाले, ती हिरवी फाइल न्यायला आलोय. मी म्हटलं, या प्रोफेसरसाहेब, तुमचीच वाट पाहत होते. त्यांनी किती अदबीने मान झुकवली. काळा सूट, काळा टाय. एवढ्याशा कामासाठी कुणी असा पोशाख करतं का हल्ली? गळ्याला मफलर मात्र तीन वेढ्यांचा, या उन्हात."

"कॉफी विचारलीत?"

"विचारली. दूध घातलेलं आज नको म्हणाले. कोमट पाणी मागितलं. तोंडात कसलीशी औषधी गोळी होती."

हर्मीनेने भुवई वर केली. अंगणापलीकडच्या जिन्यातून कुणीतरी पियानोवर एकच ओळ परत परत वाजवत होतं.

"कालपासून तीच ओळ," इल्झे कुरकुरली. "आधी बाई गातही होती, आज नुसताच पियानो. हां, जाताना प्रोफेसर म्हणाले, एकच्या आत एकदा नजर घालतो. आणि खिडकीतून आभाळाकडे बघून म्हणाले, काय छान दिवस आहे, त्यांना आवडलं असतं."

"कुणाला?"

"मला वाटलं, रोझालियाच्या मिस्टरांना. ते वारलेत ना?" इल्झेचा आवाज एकदम बसला. "झावोडस्कीबाई, मी फाइल खाल्ली असं वाटतंय का तुम्हाला?"

"भूक लागल्यासारखं वाटत नाही तुमच्याकडे बघून," हर्मीने म्हणाली, आणि निघाली.

३

कुबिन नेहमीच्या कॉफीहाऊसमध्ये, नेहमीच्या खिडकीशी होते. अंगात नेहमीचा तपकिरी कॉर्डरॉयचा कोट, कोपरांना ठिगळं. समोर दुधाची कॉफी, दिवसातली तिसरी. याच टेबलावर तीन महिने नकाशा पसरला होता. कुबिननी आधी बेलग्रेडचा मार्ग आखला होता, डोंगर काय, दऱ्या काय, पण त्यात दोनदा बसने जावं लागत होतं. रोझालियाने तो झटक्यात फेटाळला, तेव्हा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आठवडाभर ते शेजारच्या टेबलावर बसले होते.

"हे बघा," ते म्हणाले, "माझ्या कोष्टकात आजवर एका मिनिटाची चूक झालेली नाही. मी त्या बाईंना फोन करून सांगितलं, पाव नऊला येतो. पाव नऊला पोचलो. बेल तीनदा वाजवली. आत चिटपाखरू नाही. पाच मिनिटं थांबलो आणि परत आलो."

"ती म्हणते तुम्ही ठरल्या वेळी आलात आणि फाइल घेऊन गेलात."

"मग ती खोटं बोलते. उत्तरेकडची माणसं शिस्तीची म्हणतात, ही त्यांची शिस्त."

"प्रोफेसरसाहेब, तुमच्याकडे काळा सूट आहे?"

"होता. लग्नात घातला होता. आता त्यात माझा एक पाय जाईल."

हर्मीनेला ते आधीच ठाऊक होतं. शिवाय दुधाची कॉफी नाकारणारे कुबिन या जन्मी कुणी पाहिले नसते. म्हणजे फाइल नेली ती दुसऱ्याच कुणीतरी, आणि कुबिनच्या वेळेला येऊन नेली. वेळ ठाऊक असल्याशिवाय हे कसं जमावं? आणि फोनवरच्या दोघांपैकी कुणी सांगितल्याशिवाय ती वेळ तिसऱ्याला कळणार नव्हती.

"तुम्ही ही वेळ आणखी कुणाला सांगितली होती का?"

कुबिननी कपात बघितलं. "एरविनला. त्याने काल फोन केला होता. आईचं जाणं कसंही करून थांबवता येईल का, असं विचारत होता."

४

एरविन, रोझालियाचा थोरला, आईच्या स्वयंपाकघरात उभा होता आणि बटाटे सोलत होता, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. आई आतल्या खोलीत पडली होती. उघडी सूटकेस पलंगावर तशीच होती.

"एरविन, माझ्याकडे बघ. फाइल तू कुणाकरवी नेलीस का?"

"नाही, मावशी."

"प्रोफेसरांना तू काय विचारलंस ते मला कळलंय."

त्याने सुरी खाली ठेवली. पन्नाशीचा माणूस, पण लहानपणी पेला फोडल्यावर जसा उभा राहायचा तसाच उभा राहिला. "अर्धं फुप्फुस काढलंय, मावशी. रात्री दोनला सरहद्दीवर सगळ्यांना सामानासकट खाली उतरवतात, माहीत आहे? तिला वाटेत काही झालं, तर मी कुठे धावू? आणि खरं सांगू? फाइल हरवली असं आईने सांगितलं ना, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. मग तिचा चेहरा पाहिला. आता स्वतःची लाज वाटतेय."

हर्मीनेने आयुष्यात खोटारडे पुष्कळ पाहिले होते. दुसऱ्याची छत्री आपली म्हणून नेणारे रोज दोन तरी यायचे, आणि त्यांतला एकही आपल्याला लाज वाटते असं म्हणाला नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती, तशी या पोराची गत झालेली. त्याला खडसावायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिने त्याची पाठ थोपटली.

"आज सकाळी इथे आला होतास?"

"साडेआठला. ही सूटकेस द्यायला. आईची किल्ली आहे माझ्याकडे."

"कुणी दिसलं?"

"पेटरसनबाई दिसल्या ना. कुत्र्याला फिरवून येत होत्या. चांगल्या अर्धा तास गेल्या असाव्यात, कुत्रा दमला होता. बाई मला म्हणाल्या, घाईत आहे, माझ्याकडे पाहुणे यायचेत."

"यायचेत?" हर्मीने म्हणाली. "येऊन गेले नाही, यायचेत?"

"यायचेत. का?"

ती तोवर दाराबाहेर पडली होती.

५

"पेटरसनबाई, घड्याळ बघायची तुम्हाला सवय आहे. तो माणूस आला तेव्हा घड्याळात काय होतं? आकडे सांगा."

"आठ पंचेचाळीस," इल्झे म्हणाली. "ठरलं होतं तसंच. पाव नऊ."

हर्मीने तिच्या दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसली आणि हसायला लागली. इल्झेला ते मुळीच आवडलं नाही.

"अहो, पाव नऊ म्हणजे सव्वाआठ."

"असं कसं? पाव नऊ. नऊला पाव तास कमी."

"नऊचा पाव, बाई. आठ वाजले की नववा तास सुरू होतो. त्याचा पाव भरला की पाव नऊ, अर्धा भरला की अर्धे नऊ, पाऊण भरला की पाऊण नऊ. आमच्या आज्यापणज्यांपासून हे असंच आहे. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आठ वाजून पाव," इल्झे पुटपुटली. "सरळ. माणसांसारखं." मग तिच्या ध्यानात आलं आणि कानापर्यंत ती लाल झाली. "म्हणजे प्रोफेसर खरंच आले होते. आणि मी तेव्हा कुत्रा फिरवत होते."

"ते सव्वाआठला आले, खरं बोलतात. तुम्ही पावणेनऊला फाइल दिलीत, तुम्हीही खरं बोलता. सकाळपासून मी खोटं कोण बोलतंय ते शोधतेय आणि खोटं कुणी बोलतच नाहीये. तुम्ही 'पुन्हा सांगा' एवढं म्हणाला असतात, तर माझे गुडघे वाचले असते."

"पण मग तो कोण होता? मी त्याला प्रोफेसर म्हटलं, तो नाही म्हणाला नाही."

"व्हिएन्नात कुणी प्रोफेसर म्हटलं तर नाही म्हणायचं नसतं. माझा खाटीक दहा वर्षं डॉक्टर आहे." हर्मीनेने डोळे मिटले. हे ती खिडकीवरही करायची, समोरचा माणूस वस्तूचं वर्णन करत असताना. "त्याला एरविनने पाठवलं नाही. पाठवलं असतं तर सव्वाआठला पाठवलं असतं. तो पावणेनऊला आला, कारण त्याला पावणेनऊलाच बोलावलं होतं. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या हिरव्या फाइलसाठी. काळा सूट, काळा टाय. एक वाजता काहीतरी आहे. कुणीतरी आहे, ज्याला आजचा दिवस आवडला असता, पण तो काही दिसणार नाही."

"अंत्यविधी," इल्झे हळूच म्हणाली.

"आणि नातेवाईक काही कोमट पाणी पिऊन, गोळी चघळून, गळा गुंडाळून जात नाहीत. गळा कोण जपतं?"

अंगणापलीकडे पियानो पुन्हा तीच ओळ वाजवू लागला.

६

घर नंबर चौदाला एकच अंगण आणि दोन जिने होते. इथला पत्ता तीन आकड्यांचा असतो: घर, जिना, दार. शहरातला माणूस मधला आकडा कधी विसरत नाही. बाहेरगावचा हमखास विसरतो, कारण गावाकडे एका घराला एकच दार. एक नंबरच्या जिन्यात सात नंबरला इल्झे राहत होती. दोन नंबरच्या जिन्यातल्या सात नंबरवर पितळी पाटी होती: नेमेचेक, गायन.

दार उघडलं ते तणतणतच. "शेवटी उगवलात का? सकाळपासून..." नेमेचेकबाईंनी समोर दोन बायका बघितल्या आणि थांबल्या. त्यांचा आवाज पार बसला होता, नुसती खरखर. त्यांच्या मागे पियानोवर हिरवी फाइल पडली होती, पुठ्ठ्याची, रबराची पट्टी लावलेली.

"तुम्ही पावणेनऊला कुणाची तरी वाट पाहत होता," हर्मीने म्हणाली, "आणि तो आला नाही."

"प्रोहास्का," नेमेचेकबाई खरखरल्या. "आमच्या गायकवृंदातला नवा, खर्जात गाणारा. खेड्यातून येतो. माझा घसा गेला, म्हणून म्हटलं, स्वरलेखन तरी घेऊन जा. रात्रभर बसून मी चार आवाजांत बांधलंय. आता ते काय गाणार, कपाळ? एक वाजता विधी आहे मोठ्या दफनभूमीत, दोन नंबरच्या फाटकाशी."

"त्यांना फोन करा ना," इल्झे म्हणाली.

"गाणारे सगळे फोन बंद ठेवतात. गेल्या वर्षी एकाचा वाजला होता, शवपेटी खाली उतरत असताना. पोल्का, नाचाची धून."

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. आणि विधी संपला की हा प्रोहास्का ती फाइल घेऊन आपल्या गावी जाणार, कुठल्या ते नेमेचेकबाईंना ठाऊक नव्हतं.

७

एकाहत्तर नंबरची ट्राम घराच्या कोपऱ्यावरूनच जाते आणि थेट दफनभूमीपाशी थांबते. या शहरात कुणी गेलं की लोक म्हणतात, एकाहत्तरने गेला. कुबिनना वाटेत कॉफीहाऊसमधून उचललं होतं. ते आणि इल्झे समोरासमोर बसले आणि तीन थांबे एकमेकांशी बोलले नाहीत. हर्मीनेच्या मांडीवर दुसरी हिरवी फाइल होती.

"इतक्यात एकाहत्तरने जायचा माझा विचार नव्हता," ती म्हणाली.

"जाण्यायेण्याचं तिकीट आहे ना, मग झालं," कुबिन म्हणाले. पुढे ते इल्झेकडे वळले, घसा साफ केला. "बाई, मी तुम्हाला खोटारडी म्हणालो. चुकलं माझं. शिक्षकाने वेळ समोरच्याला कळेल अशी सांगायला हवी."

"मी विचारायला हवं होतं," इल्झे म्हणाली. तिने हे वाक्य उभ्या हयातीत किती वेळा उच्चारलं असेल कोण जाणे, पण जिभेला ते जड गेलं. मग तिने विचारलं, "तिची लेक खरंच एकटी आहे का तिकडे?"

"नवरा आहे, जेमाल. चांगला आहे. पण आई ती आई."

इल्झे खिडकीबाहेर बघत राहिली. ट्राम सिग्नलला थांबली की ती घड्याळ बघायची.

ते पोचले तेव्हा प्रार्थना संपून लोक कबरीकडे चालू लागले होते. मागून सात जणांचा गायकवृंद. शेवटी एक रुंद खांद्यांचा माणूस, गळ्याला तीन वेढ्यांचा मफलर. त्याच्या काखेत काहीच नव्हतं.

इल्झेने हर्मीनेचा दंड धरला. "तोच. पण फाइल नाही त्याच्याकडे."

आता मात्र हर्मीनेला खरी भीती वाटली. तिच्या डोळ्यांसमोर पलंगावरची ती उघडी सूटकेस आली. पण कबरीशी गाणं सुरू झालं होतं, आणि ती कसलीही असली तरी व्हिएन्नाची होती. मेलेल्या माणसाचं गाणं मधेच तोडायचं नसतं. तिघं सरूच्या झाडाखाली उभी राहिली, कुबिननी टोपी काढली. गायक कागदाविना, पाठ असलेलं साधंसं काही गात होते. ते गाणं हर्मीनेला फार लांबलेलं वाटलं.

शेवटचा सूर विरला तशी ती नेमेचेकबाईंची फाइल पुढे करत प्रोहास्काच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"हिरवी फाइल," ती म्हणाली.

प्रोहास्काने एका दमात सगळं ओकलं. "बाई, तुमची आहे का ती? देव पावला. प्रार्थनेच्या आधी उघडली आणि पहिल्याच पानावर लिहिलेलं, 'बुखारेस्ट, घड्याळ पुढे करणे, उशी मिळते.' घाम फुटला मला. आमच्या प्रमुखांना वाटलं मी प्यायलोय. मी ती पाद्रीबाबांच्या खोलीत कुलपात ठेवली. म्हटलं, कुणाला तरी आज कुठेतरी जायचंय, त्याची तिकिटं चिखलात नको पडायला."

पाद्रीबाबांच्या खोलीत कुबिननी एकेक कागद टेबलावर मांडला. व्हिएन्ना ते बुखारेस्ट. बुखारेस्ट ते सोफिया. सोफिया ते इस्तंबूल, जाड कागदाचं. बर्थची दोन आरक्षणं, दोन्ही खालच्या. डॉक्टरांचं पत्र. सगळं होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. इल्झे खुर्चीवर बसून रुमालात तोंड खुपसून रडली, आणि कुबिन तिच्या शेजारी टोपी हातात धरून उभे राहिले, काय करावं ते न सुचून.

हर्मीनेने रोझालियाला फोन लावला. "सापडली. सगळी."

पलीकडे पलंग करकरला.

"मग मी चपला भरू का सूटकेसमध्ये?" रोझालिया म्हणाली.

"भर."

८

सात वीसला पाच जण फलाटावर होते. कुबिननी कोष्टकात लाल शाईने तास लिहून दिला होता, आणि एक प्रत इल्झेसाठी, सगळ्या वेळा आकड्यांत. इल्झेने सँडविच आणली होती, इतकी की ती बल्गेरियाला पुरून उरली असती. एरविन सूटकेस घेऊन डब्यात चढला, बर्थ हाताने दाबून पाहिली, खिडकी उघडते का पाहिलं, बेल कुठे आहे ते पाहिलं आणि डब्याच्या परिचारकाला बाजूला घेऊन पाच मिनिटं काहीबाही सांगितलं. परिचारक निमूटपणे मान डोलवत राहिला.

"आई, प्रत्येक स्टेशनावर फोन कर."

"झोपू तरी दे रे बाबा," रोझालिया म्हणाली. मग तिने त्याचा गाल दोन्ही हातांत धरला. "मी भ्यायलेच नाहीये असं नाही. पण तिकडे ती जास्त भ्यायली आहे."

एरविनने मान हलवली. गाडी वेळेवर सुटली. तो शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला, आणि नंतर त्यानेच सगळ्यांना बिअर पाजली.

रविवारी दुपारी हर्मीने सूप गरम करत होती तेव्हा फोन वाजला.

"पोचले गं," रोझालिया म्हणाली. "गाडी दोन तास लेट. सरहद्दीवर उतरवलं, तर एका तुर्की पोराने माझी सूटकेस उचलली आणि पोलिसाने मला खुर्ची आणून दिली. आता युडिटने मला पलंगावर झोपवलंय आणि ती नऊ महिन्यांची पोटुशी बाई माझ्यासाठी चहा करतेय. उलटाच कारभार. थांब, देते तिला."

"मावशी," युडिट म्हणाली, "आई आली."

फोन ठेवल्यावर हर्मीने गॅस बंद करायचं विसरून तशीच उभी राहिली. एकतीस वर्षं तिने हजारो माणसांना त्यांच्या वस्तू परत दिल्या होत्या. माणसं सही करायची, वस्तू काखोटीला मारायची आणि निघून जायची. त्या वस्तू पुढे कुठे पोचल्या, कुणाच्या कामी आल्या, हे सांगायला एकही माणूस कधी परत आला नव्हता. आज कुणीतरी सांगितलं होतं. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.